प्लुतार्को शिंप्याचा कोरडा खोकला

"अडुसष्ट वर्षांचा आहे मी! आजवर एक गोळी गिळलेली नाही. साधी डोकेदुखीचीसुद्धा नाही!"

हे वाक्य, वयाचा आकडा तेवढा बदलून, प्लुतार्को शिंपी गेली वीस वर्षं रोज संध्याकाळी छाती ठोकून ऐकवायचा. त्यावर निवृत्त सार्जंट ओताविओ रोज म्हणायचा, "डोकं असतं तर दुखलं असतं ना!" आणि बाकीचे दोघे रोज नव्यानं हसायचे.

बेटावरच्या बानी गावात पाच वाजता उन्हं जरा नरम पडली की दानिलोच्या किराणा दुकानासमोर आंब्याच्या झाडाखाली टेबल यायचं, चार खुर्च्या यायच्या आणि डॉमिनोचा डाव बसायचा. समोरासमोर बसतात ते जोडीदार. प्लुतार्कोचा जोडीदार फ्रेमिओ न्हावी. माणूस काडीसारखा बारीक आणि स्वभावानं त्याहून कमकुवत. त्यांच्या विरुद्ध सार्जंट आणि दानिलो दुकानदार. डाव नसताना वाटेल ती बडबड करावी, एकमेकांच्या सात पिढ्या काढाव्यात. पण एकदा सोंगट्या वाटल्या की तोंड बंद! जोडीदाराला खूण करणं हे तर महापाप. या गावात दुसऱ्याची बायको पळवून नेलेला माणूस पाच-सात वर्षांनी पुन्हा बारशाला बोलावला जाई. डॉमिनोत खूण करणाऱ्याला मात्र कोणी मयताला बोलावत नसे.

तर त्या छातीठोक प्लुतार्कोला फेब्रुवारीत वस्तीतल्या दवाखान्यातल्या डॉक्टर युदेल्कानं तपासलं आणि सांगितलं, "काका, बीपी वाढलंय. हृदयावर ताण येतोय. ही गोळी रोज सकाळी एक."

"किती दिवस?"

"कायमची."

प्लुतार्कोच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यानं डॉक्टरीणबाईंना पहिली शपथ घातली ती अशी, की हे गावात कोणाला म्हणजे कोणाला कळता कामा नये. घरी आल्यावर गोळ्यांच्या खोक्यातला पॅंटच्या पायाएवढा लांब कागद त्यानं न वाचताच चुलीत घातला, कारण पुरावा नको! गोळ्या बटणांच्या डब्यात लपवल्या. पहिल्याच आठवड्यात एकदा घाईत सदऱ्याचं पांढरं बटण गिळलं. त्याचा काही त्रास झाला नाही, हे खरं.

एवढी लपवाछपवी कशासाठी? तर समोरच्या घरासाठी.

टेबलाच्या बरोबर समोर, रस्ता ओलांडला की हिरव्या झडपांचं एक घर आहे. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी त्या घरात एर्सिलिया राहायची. प्लुतार्को तेव्हा शिंपीकाम शिकत होता. एक दिवस तिच्या घरावरून जाताना त्याला खरोखरीचा ठसका लागला आणि कोण खोकतंय बघायला ती व्हरांड्यात आली. बस्स! दुसऱ्या दिवसापासून रोज पाच वाजता त्या घरासमोर याला बरोबर तीन वेळा खोकला यायला लागला. आणि बरोबर त्याच वेळी तिला कुंड्यांना पाणी घालायची आठवण व्हायला लागली. दोन वर्षं हे चाललं! दोन वर्षांत हा एक शब्द बोलला नाही. उद्या बोलू, परवा बोलू. शेवटी तिच्या वडिलांनाच दया आली. "हा पोरगा क्षयानं मरणार," म्हणत त्यांनी मध आणि मुळ्याचा रस घालून केलेली औषधाची बाटली मोलकरणीच्या हाती त्याच्याकडे पाठवली. त्यानंतर महिन्याभरात एर्सिलियाचं लग्न झालं आणि नवरा तिला न्यूयॉर्कला घेऊन गेला. बाटली प्लुतार्कोनं ठेवून दिली. लग्न त्यानं केलं नाही. विचारलं की म्हणायचा, "माप घ्यायलाच वेळ मिळाला नाही."

आणि आता तीन महिन्यांपूर्वी ती परत आली होती. विधवा होऊन, पांढऱ्या केसांची होऊन, एकटी. आल्यापासून झडपा बंदच असायच्या. टेबलावरून प्लुतार्को त्या झडपांकडे इतका बघायचा, की दुहेरी सहाची सोंगटी हातात असताना त्यानं दोनदा, लावायला सोंगटीच नाही म्हणून, 'पास' म्हटलं होतं. अशा वेळी बातमी काय पसरावी, तर प्लुतार्कोला हृदयाची गोळी लागली? छे!

गोळी सुरू होऊन तिसरा आठवडा लागला आणि प्लुतार्कोला खोकला आला. कोरडा. खक्! घशात जणू कोणी काथ्याचा तुकडा ठेवलाय. पाणी प्यायला, खक्! मध चाटला, खक्! तो चक्क डावाच्या मधोमध खोकला. सार्जंटनं भुवई उचलली.

"धूळ," प्लुतार्को म्हणाला.

तिसऱ्या दिवशी तो डावात लागोपाठ तीनदा खोकला आणि समोरच्या हिरव्या झडपा उघडल्या! एर्सिलिया व्हरांड्यात आली, झुलत्या खुर्चीत बसली आणि कुंडीतल्या वाळलेल्या झाडाला पाणी घालायला लागली. झाड मेलेलं होतं, पण ती घालत होती.

प्लुतार्कोच्या छातीत जे काही धडधडलं, ते आवरायला एक काय चार गोळ्याही पुरल्या नसत्या. घरी जाऊन त्यानं विचार केला, हे झालं कशानं? आज त्यानं पिवळा सदरा घातला होता. सदराच तो! रात्रंदिवस मशीन चालवून त्यानं आणखी पाच सदरे शिवले. हिरवा, आकाशी, एक तर डाळिंबी! रोज नवा सदरा, रोज खोकला आणि रोज एर्सिलिया व्हरांड्यात! खोकल्याचा संबंध त्याच्या डोक्यात आलाच नाही. शिंप्याला जगातलं सगळं कापडानंच होतं असं वाटतं.

इकडे टेबलावर दुसरीच आग लागली होती. प्लुतार्को आणि फ्रेमिओ जिंकायला लागले होते! वीस वर्षं हरणारी जोडी लागोपाठ अकरा डाव जिंकली. बाराव्या डावात प्लुतार्को दोनदा खोकला, फ्रेमिओनं पाचाची सोंगटी आपटली आणि डाव संपला. सार्जंट खुर्ची मागे सारून उभा राहिला.

"थांबा! हा खोकला कसला आहे?"

"धूळ आहे ना..."

"महिनाभर तुझ्याच घशात धूळ? आम्ही काय काचेच्या बरणीत बसतो? फ्रेमिओ! माझ्याकडे बघ! खरं सांग!"

सार्जंटनं पंचवीस वर्षं चौकीत याच आवाजात जबान्या घेतल्या होत्या. फ्रेमिओची बोबडी वळली. "सांगतो! सगळं सांगतो! एक खोकला म्हणजे सहा, दोन म्हणजे पाच, तीन म्हणजे समोरच्याला अडव!"

प्लुतार्को बघतच राहिला. "अरे गाढवा! असं कधी ठरलंय आपलं?"

"ठरलं नाही," फ्रेमिओ रडवेला झाला. "पण तू खोकायचास, मी आपलं समजून घ्यायचो. बरोबर निघायचं रे!"

झालं! दानिलोनं दुकानातून बर्फाची लादी फोडायचा टोचा आणून टेबलावर ठेवला. का ते त्यालाही ठाऊक नव्हतं, पण प्रसंग तसा होता. रस्त्यावरची माणसं गोळा झाली. समोर एर्सिलिया झुलायची थांबली.

"एक तर खोकल्याचं कारण सांग," सार्जंट म्हणाला, "नाहीतर या टेबलावर पुन्हा दिसायचं नाही!"

कारण एका शब्दाचं होतं, पण समोर ती ऐकत होती. ठग म्हणवून घ्यावं की आजारी म्हातारा? प्लुतार्कोनं डाळिंबी सदऱ्याची कॉलर सरळ केली आणि म्हणाला, "मी ठग."

एवढ्यात स्कूटरवरून डॉक्टर युदेल्का आली. गर्दी बघून थांबली. "काय झालं? कोण पडलं?"

"पडलं नाही, पकडला गेला," दानिलो म्हणाला. "प्लुतार्को खोकून खुणा करतो."

"खोकून?" डॉक्टरनं त्याच्याकडे निरखून बघितलं. "काका, कोरडा खोकला? घशात खवखव?"

प्लुतार्कोनं जिवाच्या आकांतानं तिला डोळे मारले, ओठांवर बोट ठेवलं, दोन्ही हात हलवले.

"बघा, बघा!" सार्जंट ओरडला. "आताही खुणा करतोय!"

"अहो, कसल्या खुणा!" डॉक्टर भडकली. "उगाच एका भल्या माणसाला छळताय! त्यांच्या हृदयाची गोळी त्यांना खोकवतेय! दहातल्या एकाला होतं असं. औषधाच्या कागदावर छापलेलं असतं! काका, तुम्ही वाचला नाहीत का?"

प्लुतार्कोनं समोर बघितलं. एर्सिलिया हळूच उठली, आत गेली आणि झडपा लावून घेतल्या.

सार्जंटनं रीतसर माफी मागितली. फ्रेमिओनं कबुली मागे घेतली. दानिलोनं टोचा आत नेला. डॉक्टरनं दुसऱ्या दिवशी गोळी बदलून दिली.

"हिनं खोकला येत नाही," ती म्हणाली.

"मग काय येतं?"

"काही नाही. फार तर पाय सुजतील."

आठ-दहा दिवसांत खोकला थांबला. झडपा तर त्या दिवसापासून बंदच होत्या. प्लुतार्को रोज पाचला येऊन बसायचा. सदरे बदलून झाले. डाळिंबी दोनदा झाला. झडपा हलल्या नाहीत. त्याची खात्रीच पटली, की कळलं तिला, हा गोळ्या खाणारा म्हातारा आहे. चव्वेचाळीस वर्षं लांबून आठवणं सोपं होतं. मध्ये समुद्र होता, दोष समुद्राला देता यायचा. आता मध्ये फक्त बारा पावलांचा रस्ता होता आणि तो रस्ता त्याला समुद्राहून जड जात होता. जेवणावरची वासनाच उडाली. आवडती, पातेल्याच्या तळाची करपलेली भाताची खरवडसुद्धा ताटात तशीच राहायची. सकाळी उठल्यावर पहिला विचार पाच कधी वाजतात हा, आणि पाच वाजल्यावर वाटायचं, उगाच वाजले.

शेवटी फ्रेमिओनं त्याची दाढी करता करता विषय काढला. "सदऱ्यांचा नाद सोड. ती सदऱ्यासाठी यायचीच नाही. तू खोकलास की यायची. टेबलावरून मला सगळं दिसतं. खोकला गेला, ती गेली."

प्लुतार्को अर्ध्या दाढीनिशी उठला तो थेट दवाखान्यात. "जुनी गोळी परत द्या."

"काका, वेड लागलंय का? लोक खोकला जावा म्हणून येतात!"

"मला हवाय. माझा आहे तो."

डॉक्टरनं साफ नकार दिला. मग त्यानं टेबलावर खोटं खोकून बघितलं. ते इतकं वाईट झालं, की दानिलो म्हणाला, "बकरी अडकली का रे कुठे?" झडपा बंदच.

दरम्यान नव्या गोळीनं आपला शब्द पाळला. पाय सुजले. घोट्यांची हाडं दिसेनाशी झाली, आणि सणाचे काळे चकचकीत बूट पायात जाईनात. तो रबरी स्लिपरांवर आला.

आणि एका गुरुवारी, ठीक पाच वाजता, डाव ऐन रंगात असताना हिरव्या झडपांमागून आवाज आला. खक्! जरा थांबून, खक्! आणि मग, खक्!

सार्जंटनं उचललेली सोंगटी हवेतच राहिली.

"तीन," फ्रेमिओ पुटपुटला. "मोजून तीन. लेका, बोलावणं आहे!"

प्लुतार्को उठला. हातात दुहेरी सहा होती, ती त्यानं तशीच, आकडा वर करून टेबलावर ठेवली. एरवी या गुन्ह्यासाठी सार्जंटनं त्याला बेड्या घातल्या असत्या. पण सार्जंट नुसताच म्हणाला, "जा. आणि या खेपेला तोंड उघड."

तो बूट घालायला घरी जाणार होता. मग आठवलं, बूट होत नाहीत. मग तो गेला तसाच, पिवळ्या सदऱ्यात, स्लिपरा फटफटवत. बारा पावलं! झडपा आता उघड्या होत्या. ती व्हरांड्यातल्या झुलत्या खुर्चीत बसली होती.

"प्लुतार्को? डाव सोडून?"

"तुम्ही... तुम्ही खोकलात."

"तुम्ही? चव्वेचाळीस वर्षांत 'तुम्ही' झाले होय मी?" ती हसली. मग नजर चुकवत म्हणाली, "खोकले खरी. मलाही गोळी सुरू केलीय. हृदयाची. तुझीच ती जुनी. सोमवारी बदलून देणार आहेत."

प्लुतार्कोच्या अंगातला वाराच गेला. म्हणजे बोलावणं नव्हतंच. गोळी होती. तो परत फिरणार, एवढ्यात तिनं विचारलं, "तुलाही गोळीमुळेच येत होता ना? मी वेडी रोज बाहेर येत होते. मेलेल्या झाडाला पाणी घालत होते! डॉक्टर ओरडून सांगायला लागली, तेव्हा मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. म्हटलं, एर्सिलिया, या वयात एका गोळीला भुललीस!"

"म्हणून झडपा लावल्यास?"

"मग काय करू? आरती ओवाळू त्या गोळीची?" तिनं झुलती खुर्ची थांबवली. मग अगदी हळू म्हणाली, "एक सांग. तेव्हा चव्वेचाळीस वर्षांपूर्वी कसला खोकला होता रे?"

प्लुतार्कोच्या घशात पुन्हा काथ्या आला. पण सार्जंटनं सांगितलं होतं, तोंड उघड. "तेव्हा," तो म्हणाला, "तेव्हा मला कुठली गोळी नव्हती, एर्सिलिया. तुझ्या वडिलांची ती बाटली अजून ठेवलीय मी. बूच काढलेलं नाही. मला तू हवी होतीस. अजून तशीच हवी आहेस. बोलायला उशीर झाला एवढंच."

तिनं डोळे पुसले आणि कॉफी आणली. दोघं अर्धा तास बसले. रस्त्यापलीकडे तीन माणसं सोंगट्या हातात धरून पुतळ्यासारखी इकडे बघत होती. निघताना त्याला एकदम सोमवार आठवला. गोळी बदलली म्हणजे तिचा खोकला जाणार. खोकला गेला म्हणजे?

"सोमवारी नवी गोळी घेऊ नकोस!" तो घाईघाईनं म्हणाला. "फार वाईट आहे ती! हे बघ!" आणि त्यानं स्लिपर काढून आपला भोपळ्यासारखा पाय तिच्यासमोर धरला.

तिनं त्या पायाकडे बराच वेळ बघितलं. "सुजू देत," ती म्हणाली. "पाय सुजले की मी घरातच बसेन. मग तुलाच यावं लागेल. रोज. न बोलावता."

तो परत टेबलावर आला. फ्रेमिओचा जीव टांगणीला लागला होता. "काय म्हणाली रे?"

"पाय सुजू देत म्हणाली."

"एवढंच?" फ्रेमिओ म्हणाला. "यासाठी दुहेरी सहा उघडी टाकलीस?"

सोमवारी प्लुतार्को पाय दाखवायला दवाखान्यात गेला. डॉक्टर दंडाला बीपीचा पट्टा बांधत असताना सहज विचारल्यासारखं करून म्हणाला, "एर्सिलियाची गोळी आज बदलणार ना?"

"कुठली गोळी?"

"हृदयाची. खोकला येतो ती. माझीच जुनी."

"त्यांना? त्यांना मी कसलीच गोळी दिलेली नाही, काका. गेल्याच आठवड्यात तपासलंय. हृदय पंचवीस वर्षांच्या पोरीसारखं ठणठणीत आहे! खोकला कसला?"

गुरुवारी त्या अर्ध्या तासात, कॉफी पिताना, ती एकदाही खोकली नव्हती, हे प्लुतार्कोच्या आत्ता लक्षात आलं. तो आधी हसायला लागला, मग रडायला लागला, मग दोन्ही एकदम.

"काका, हलू नका!" डॉक्टर काट्याकडे बघून किंचाळली. "एकशे ऐंशी! परवापर्यंत तर छान होतं! केलंत काय तुम्ही?"

तिनं त्याची गोळी दुप्पट केली. बुधवारपर्यंत पायही दुप्पट झाले. आणि त्या पायांनी, स्लिपरा फटफटवत, ठीक पाच वाजता, कोणी न खोकताच, प्लुतार्कोनं रस्ता ओलांडला.